ब्रेकच्या पाइपाची टोकं

लाल दिवा पहिल्यांदा लागला तो विटाव्याच्या वळणावर, आणि गाडी सरळ होताच विझला. मी ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर ठाण्याला घरी येत होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पाऊस नुकताच उघडला होता. दुसऱ्या दिवशी तोच दिवा कळवा नाक्याच्या वळणावर लागला आणि पुन्हा विझला. आमच्या गाडीत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइलचा दिवा एकच आहे. मला वाटलं, हँडब्रेक नीट खाली बसला नसेल. तो दोनदा वर-खाली करून पाहिला आणि विषय सोडून दिला. ते दोन दिवस मी वाया घालवले, याची चुटपुट अजून आहे. टाकीतलं तेल आधीच कमी झालेलं असेल तर वळणावर ते एका बाजूला सरतं, त्यावर तरंगणारा फ्लोट क्षणभर खाली बसतो आणि दिवा लागतो. गाडी मला स्पष्ट सांगत होती.

तिसऱ्या दिवशी कळव्याच्या पुलावर पुढचा टेम्पो थांबला, मी पेडल दाबलं आणि ते पायाखालून गेलंच. जवळजवळ तळाला टेकल्यावर कुठेतरी पकड आली. गाडी थांबली, पण टेम्पोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर. चारही दिवे लावून बाजूला घेतली आणि बाबांना फोन केला.

बाबा एस.टी.च्या खोपटच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. चौतीस वर्षं बसखाली झोपून काढलेला माणूस. त्यांनी विचारलं, "पंप केल्यावर पेडल वर येतंय का?" येत होतं, थोडं. "आता उतर आणि चारी चाकं आतल्या बाजूने बघ. ओलं कुठे आहे?" डाव्या मागच्या चाकाच्या आत टायरवर तेलकट ओघळ होता. "गाडी तिथून चालवत आणायची नाही. इन्शुरन्सवाल्यांना फोन कर, उचलून न्यायला सांग."

मागाहून त्यांनी समजावलं तेव्हा कळलं की त्या पुलावर मला कशाने वाचवलं. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या वाटा दोन असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या गाड्यांत त्या बहुधा तिरप्या वाटलेल्या असतात: पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एका वाटेवर, बाकीची दोन दुसऱ्या वाटेवर. एक वाट फुटली तर पेडलने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला तिचा दट्ट्या रिकामाच पुढे जातो, म्हणून पेडल खोल जातं, आणि मग दुसरी वाट अर्धे ब्रेक लावते. "आमच्या नव्या बसना मागे स्प्रिंगचे ब्रेक होते," बाबा म्हणाले, "हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावून टाकते. तुझ्या गाडीत उलटं. तेल गेलं की ब्रेक गेले. म्हणून तेलाच्या वाटेत हलगर्जी चालत नाही."

गाडी नेहमीच्या गॅरेजला पोचली. तिथला मुलगा चांगला आहे, हे आधी सांगते. त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि टॉर्च मारला. मागच्या अ‍ॅक्सलजवळ पाइप ज्या क्लिपात बसतो, त्या क्लिपाच्या आत चिखल अडकून वाळला होता. चिखल खरवडल्यावर पाइपाचे पोपडे निघाले आणि त्याखाली एक बारीकसा थेंब फुगत होता. गाडी २०१२ची. बारा पावसाळे विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्यातून गेली, बाकीचे महिने खाडीची खारी हवा. वरून दिसणारा पाइप बरा होता. गंजला तो क्लिपाच्या आत, जिथे पाणी बसून राहतं आणि कुणी बघत नाही.

"ताई, अर्ध्या तासात करून देतो," तो म्हणाला. "सडलेला तुकडा कापतो, कॉपरचा पाइप टाकतो, मध्ये युनियन. सातशे रुपये. कॉपर गंजत पण नाही." त्याने एसीच्या कामाचं तांब्याच्या पाइपाचं वेटोळं दाखवलं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. गंजलेला पाइप समोर असताना न गंजणारा पाइप देऊ करणारा माणूस शहाणाच वाटतो. बाबांना फोन लावून दिला, आणि त्यांनी त्या मुलाशीच दहा मिनिटं बोलून त्याला समजावलं, न रागावता.

ते जे बोलले ते मी नंतर वहीत लिहून ठेवलं. जोरात ब्रेक मारला की पाइपात साठ ते शंभर बार दाब येऊ शकतो. टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे तिच्या तीस-चाळीस पट. जागच्या जागी तेवढा दाब तांब्याचा पाइपही काही काळ सोसेल, म्हणून गॅरेजमध्ये पेडल दाबून बघितलं तर सगळं ठीक वाटतं. पण गाडी दिवसभर थरथरते. शुद्ध तांबं मऊ असतं आणि सततच्या थरथरीने आतून कडक होत जातं. मग एक दिवस नटाच्या अगदी मागे, जिथे हलता पाइप घट्ट धरलेल्या टोकाला मिळतो, तिथे तडकतं. तडकण्याआधी गंजासारखी खूणही देत नाही. आणि मधला युनियन? नळाच्या कामात जसा रिंग दाबून सांधा करतात तसा सांधा ब्रेकच्या पाइपात करायचाच नाही, असं बाबांचं ठाम मत आहे आणि वाचल्यावर माझंही झालं. पाइपाला जेवढी टोकं जास्त, तेवढ्या फुटायच्या जागा जास्त. कंपनी पाइप लांबच्या लांब अखंड देते, ते उगाच नाही.

त्या रात्री मी बरंच वाचलं. अमेरिकेत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने तिथे पाइप फार गंजतात. तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, २०१५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी सूचना काढली होती: गाडीचा खालचा भाग धुवा, पाइप तपासत राहा, आणि नुसता रंग बदललेला नसून पोपडे सुटत असतील तर तुकडा न जोडता पूर्ण पाइप बदला. आमच्याकडे मीठ रस्त्यावर टाकत नाहीत, ते खाडीवरून येतं. पोपडे तर मी हाताने सोडवले होते. निर्णय तिथेच झाला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. मागचे दोन्ही पाइप मागवावे लागतील, तीन आठवडे, कदाचित जास्त. इंधनाची टाकी उतरवावी लागेल, मजुरी वेगळी. मी दोन्हींचे पैसे भरून ठेवले. पण आईची फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा होती आणि रिक्षात ती पाय दुमडून बसू शकत नव्हती. तीन आठवडे गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून बाहेरचा माल घ्यायचा ठरला, आणि खरी कसोटी तिथून सुरू झाली.

बाहेरचा माल म्हणजे वाईट, असं बाबा मानत नाहीत. एस.टी.त त्यांनी बाहेरच्या कारखान्यांचा कितीतरी माल बसवला आहे. पण प्रत्येक नगाचं टोक ते हातात घेऊन बघायचे. "पाइप मधून फारसा फुटत नाही," ते मला म्हणाले. "गंजला तर गोष्ट वेगळी. नवा पाइप फुटला तर टोकाशी फुटतो. तेव्हा मधला भाग चमकतोय का ते बघू नकोस, टोक बघ." पुढचे चार दिवस आम्ही दोघं टोकंच बघत हिंडलो. पेपर वाचायचं त्यांचं भिंग खिशात होतं.

पुढच्या चाकांचे रबरी होज पाइपही बदलायचे होते. बारा वर्षांचे झाले होते, आणि वाकवल्यावर बाहेरच्या रबराच्या भेगेतून आतलं धाग्यांचं विणकाम दिसत होतं. रबरी होजचा आणखी एक दोष बाहेरून दिसतच नाही: आतलं अस्तर फुगतं आणि वाट अडवतं. मग पेडल सोडल्यावरही तेल परत येत नाही, चाक धरूनच राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

स्टेशनजवळच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन होज आले. पहिला गाडीच्या कंपनीच्या नावाच्या डब्यात. दुसरा बाहेरच्या कारखान्याचा, साध्या पिशवीत. तिसरा नुसता, दोरीने बांधलेल्या जुडीतला, किमतीला निम्मा. माझा हात डब्याकडे गेला. बाबा म्हणाले, "डबा गाडीला लावायचा नाही. आतलं काढा." आतल्या होजवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. ना कारखान्याचं नाव, ना तारीख, ना मानक. डब्यावरचा किमतीचा कागद दुसऱ्या कागदावर चिकटवलेला होता. दुकानदार म्हणाला, "काका, माल असाच येतो." बाबांनी तो डबा परत सरकवला.

पिशवीतल्या होजवर मात्र लांबीभर पांढरी अक्षरं होती: बनवणाऱ्याचं नाव, माप, बॅच, तारीख आणि आयएस ७०७९. हायड्रॉलिक ब्रेकच्या होजसाठीचं हे भारतीय मानक आहे, आणि १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२४ ब्रेक होजला ते लागू करतो. म्हणजे छापलं म्हणून खरं असेलच असं नाही, पण न छापलेल्याबाबतीत विचारायची सोयच नाही. बाबांनी भिंगाने टोकाची धातूची टोपी बघितली. तिच्यावरचे दाब सगळीकडे सारखे खोल होते. जुडीतल्या होजच्या टोपीवर एका बाजूचा दाब खोल आणि समोरचा उथळ होता, आणि टोपीच्या काठाशी रबर कापलं गेलं होतं. मला ते भिंगाशिवाय दिसलंच नसतं. तो होज हातात छान जाड लागत होता, मी एकटी गेले असते तर कदाचित तोच घेतला असता.

घरी येऊन मी शोधलं की होज तपासतात तरी कसे. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस १०६ नावाचा नियम वाचायला मिळाला. त्यात होज तयार टोकांसकट तपासतात. पाण्याने ४००० पीएसआय, म्हणजे सुमारे २७५ बार दाब दोन मिनिटं धरून ठेवायचा, मग फुटेपर्यंत वाढवायचा. ३ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचा होज ७००० पीएसआयच्या आत फुटता कामा नये. दुसरी परीक्षा मला जास्त पटली: दाबाखाली असलेला होज एका यंत्रावर सलग पस्तीस तास गरागरा फिरवत वाकवतात. चाक वळताना, खड्ड्यात खालीवर होताना त्याचं जे होतं तेच. ही परीक्षा खऱ्या अर्थाने टोपीच्या काठाची आहे. त्याच नियमात होजवर समोरासमोर दोन रेघा असाव्यात असं आहे, म्हणजे बसवताना पीळ पडला तर रेघ फिरलेली दिसते. आमच्या होजवर एकच रेघ होती, पण तीही कामाला आली, पुढे सांगते.

दुकानातल्या तरुण मुलाने स्टीलच्या जाळीचे चमकते होजही दाखवले. "ताई, हे टाका, पेडल एकदम दगडासारखं." ते खोटं नाही. आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टीलची वीण असल्याने होज फुगत कमी, पायाला पेडल घट्ट लागतं. रेसच्या गाड्यांत ते उगाच वापरत नाहीत. पण जाळीखाली आतली नळी चिरली तर डोळ्यांना दिसत नाही, जाळी शेजारच्या वस्तूवर घासली तर तीच वस्तू कापते, आणि टोकाशी वाकणाऱ्या भागाला आधार नसेल तर तिथेच आतली नळी थकते. चांगला कारखाना हे सगळं सांभाळतो. समोरच्या होजवर कारखान्याचं नावच नव्हतं. आईला फिजिओथेरपीला न्यायला मला दगडासारखं पेडल नको होतं. छापील अक्षरांचे दोन रबरी होज घेतले.

आता मागचा लोखंडी पाइप. वागळे इस्टेटच्या एका गल्लीत एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, फक्त ब्रेक आणि क्लचचे पाइप बनवून देतात. बाबा त्यांना ओळखत नव्हते, पण पाच मिनिटांत दोघं एकमेकांशी असे बोलू लागले की मला मध्ये शिरायला जागा राहिली नाही. मिस्त्रींकडे दोन वेटोळी होती. एक लेप दिलेल्या स्टीलचं, त्याच्या दोरीला कारखान्याची चिठ्ठी: बाहेरून ४.७५ मिलिमीटर, भिंत ०.७. ब्रेकचा पाइप म्हणजे साधी नळी नव्हे. तांब्याचा पातळ लेप दिलेली स्टीलची पट्टी दोन वेढे गुंडाळतात आणि भट्टीत ते वेढे एकमेकांना डाखून टाकतात, म्हणून भिंत दुहेरी होते.

दुसरं वेटोळं तांबूस होतं. "हे कॉपर-निकेल," मिस्त्री म्हणाले. याबद्दल मी वाचलं होतं आणि मला तेच हवंसं वाटत होतं. नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू खाऱ्या हवेला दाद देत नाही, थरथरीने तांब्यासारखा तडकत नाही, आणि युरोपातल्या काही गाड्यांना कारखान्यातूनच बसवला जातो. व्होल्वोने तर १९७०च्या दशकापासून वापरला. आमच्या खाडीकाठी याहून योग्य काय? पण त्या वेटोळ्याला चिठ्ठी नव्हती. आणलं कुठून, याचं उत्तर मिस्त्रींनी प्रामाणिकपणे दिलं: "एकाने दिलं. तो म्हणाला कॉपर-निकेल." साधं तांबं आणि हा मिश्रधातू रंगाने थोडा वेगळा असतो, पण तो फरक ओळखून त्यावर जीव टाकण्याइतकी आमची नजर नाही. बाबांनी ते वेटोळं हातात घेऊन वाकवलं, बराच वेळ बघितलं, आणि ठेवून दिलं. चिठ्ठीवालं स्टील घेतलं. उत्तम वस्तू सोडून मध्यम वस्तू घेतोय असं तेव्हा मला वाटलं. अजूनही मला कॉपर-निकेल हवंय, फक्त ते कॉपर-निकेलच आहे हे कळायला हवं.

मग टोकाचं काम. पाइपाचं टोक पसरून त्याचं तोंड बनवतात, त्याला फ्लेअर म्हणतात, आणि नट त्याला समोरच्या खोबणीवर आवळतो. वॉशर नाही, रबर नाही, धातूवर धातू. फ्लेअर दोन प्रकारचे. एकात टोक आत दुमडून कर्ण्यासारखं पसरवतात, डबल फ्लेअर. दुसऱ्यात ते बुडबुड्यासारखं फुगवतात. खोबण एका प्रकारची आणि टोक दुसऱ्या प्रकारचं असेल तर नट आवळताना घट्ट लागतो, गॅरेजमध्ये थेंबही पडत नाही, आणि काही दिवसांनी पाझर सुरू होतो. जुन्या पाइपाचं कापून आणलेलं टोक मिस्त्रींनी बघितलं आणि टोकाला तसा आकार देणारी डाय निवडली.

"आधी एक नमुना काढा," बाबा म्हणाले, "आणि मग तो उभा कापा." मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. मी ओशाळले, कारण त्यांच्या कामावर हा सरळ अविश्वास होता. पण त्यांनी काही न बोलता चार इंचांचा तुकडा कापला, आतली कड रीमरने साफ केली, नट आधी चढवला, डायवर तेलाचा थेंब टाकला आणि टोक केलं. मग शिकंज्याच्या दातात धरून करवतीने उभं चिरलं. भिंगाखाली दुमड स्वच्छ होती, दोन्ही भिंती एकमेकींवर बसलेल्या, पण काठावर केसासारखी एक रेघ. मिस्त्रींनी स्वतः ती आधी पाहिली. "डाय झिजली," ते म्हणाले. खणातून दुसरी काढली, पुन्हा टोक केलं, पुन्हा चिरलं. या वेळी रेघ नव्हती. तिसरा नमुना त्यांनी आम्ही न सांगता केला. तो चिरलेला पहिला तुकडा त्यांनी टाकून दिला नाही, टेबलावर समोर ठेवला. बाहेरून तो आणि दुसरा तुकडा अगदी सारखे दिसत होते. मी दोन्ही मागून घेतले, माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहेत.

नटाचीही एक गोष्ट. जुना नट दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर आट्याचा. पार्टच्या दुकानातून आणलेले नवे नट हाताने काही आटे फिरले आणि अडकले. ते तीन-अष्टमांश इंची होते. दोन्हींची जाडी अर्ध्या मिलिमीटरने वेगळी आणि आटे जवळजवळ सारखे, त्यामुळे पान्याने जोर लावला तर तो नट बसतोसुद्धा, आणि मास्टर सिलिंडरचे आटे खाऊन टाकतो. बाबांचा नियम सोपा आहे: ब्रेकचा नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला.

पाइप तयार झाल्यावर मला तो दाबाखाली तपासून घ्यायचा होता. रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसचे होज बनवणारं एक दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, त्यांच्याकडे हातपंप आणि मीटर आहे. ते तयारही झाले. बाबांनी मात्र विचारलं, "पंपात तेल कुठलं?" साधं हायड्रॉलिक ऑइल. "मग नको." ब्रेकचं तेल ग्लायकॉलचं असतं आणि त्याच्या वाटेतली रबरं त्याच तेलासाठी बनवलेली. खनिज तेलाचा अंश जरी पोचला तरी ती फुगतात, मास्टर सिलिंडरचं सील, होजचं अस्तर, सगळं. चांगल्या हेतूने केलेल्या तपासणीत मीच गाडीचे ब्रेक बिघडवले असते.

रविवारी सकाळी गॅरेजच्या त्याच मुलाने गाडी रॅम्पवर घेतली. बाबांनी स्टूल घेऊन शेजारी बैठक मारली. जुना पाइप समोर ठेवून नवा त्याच वळणांनी वाकवला, हाताने नाही, बेंडरने, म्हणजे कुठे चपटा होत नाही. सगळे क्लिप परत बसवले. एक सापडत नव्हता, मुलगा म्हणाला एकाने काय होतंय. बाबांनी काम थांबवलं. क्लिप नसला की पाइप तिथे थरथरतो, आणि थरथर जाऊन पोचते ती टोकाला. मुलगा सायकल घेऊन गेला आणि क्लिप घेऊन आला.

पुढचे होज बसवताना त्यांचं टोक आवळणाऱ्या पोकळ बोल्टचे, म्हणजे बँजो बोल्टचे, तांब्याचे वॉशर नवे घातले. होज आवळून झाल्यावर रेघ बघितली तर डाव्या बाजूला ती अर्धा फेरा फिरलेली होती. सैल करून पुन्हा लावला. मग मी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, आधी चाकं लोंबकळत असताना आणि नंतर गाडी जमिनीवर टेकवून, आणि मुलगा खालून बघत राहिला की होज कुठे ताणला जात नाही, कुठे टायरला शिवत नाही.

पाइप उघडल्यावर आत शिरलेली हवा काढायला पेडलवर मी. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३, नवा सीलबंद डबा. गॅरेजमध्ये अर्धा उघडा डबा होता, तो बाबांनी हातात घेऊन लांब ठेवला. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळायला हवं, पाणी ओढलेल्याची मर्यादा १४० पर्यंत खाली येते, आणि उतारावर तापलेल्या चाकात ते उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पुन्हा तळाला. "दाब. धर. धर. सोड." बाबांचा आवाज मला लहानपणी सायकल शिकवतानाचा वाटला. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे घेतला. आमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा, नाही म्हणून एवढ्यावर भागलं; एबीएस असेल तर काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो, हे विचारून घ्यावं.

शेवटची तपासणी बाबांची. प्रत्येक टोक कोरड्या फडक्याने पुसलं आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. इंजिन चालू, म्हणजे पायाला मदत करणाऱ्या बूस्टरचा जोर मिळतो, आणि मी दोन्ही पायांनी पेडल दाबून पाच मिनिटं धरून ठेवलं. पेडल खाली सरकता कामा नये. सरकलं नाही. बाबा रॅम्पखाली वाकून एकेक टोक भिंगाने बघत होते. मागच्या डाव्या टोकाशी पुडीवर मोहरीएवढा ओला डाग. मुलाने पाना उचलला, बाबांनी थांबवलं: "आवळू नको. सोड, पूस, बघ." सोडून पाहिलं तर खोबणीत जुन्या गंजाचा कण होता. तो काढला, पुन्हा लावला, पुन्हा पूड, पुन्हा पाच मिनिटं. कोरडं. नुसतं आवळलं असतं तर त्या दिवशी तेही कोरडं दिसलं असतं, असं मला वाटतं.

वागळे इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यावर आधी वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा रॅम्प, पुन्हा पूड. दिवाळीनंतर पुन्हा. तेलाची पातळी मी दर रविवारी टाकीवरच्या रेघेशी बघते, सांडलं तर लगेच पाण्याने धुते, कारण ते रंग उडवतं.

कंपनीचे पाइप तीन नव्हे, सहा आठवड्यांनी आले. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर घेतले आणि भिंगाने चारी टोकं बघितली. लेप आमच्या पाइपापेक्षा जाड, दुमड काचेसारखी गुळगुळीत. उजव्या बाजूचा जुना पाइप अजून गळत नव्हता, पण त्याच्याही क्लिपाखाली पोपडे सुरू झाले होते, म्हणून तो त्याच आठवड्यात बदलला, टाकी उतरवून, त्याच मुलाकडून. डाव्या बाजूला मिस्त्रींनी बनवलेला पाइप आहे तो काढायचा का, यावर आमचं दोन दिवस बोलणं झालं. मी म्हटलं काढूया. बाबा म्हणाले, कोरडा असलेला सांधा उगाच सोडू नये, पावसाळ्याआधी चिखल काढून क्लिप उघडून बघू, पहिला पोपडा दिसला की हा लावू.

डाव्या बाजूचा कंपनीचा पाइप माळ्यावर ठेवलाय. दोन्ही टोकांना बाबांनी प्लॅस्टिकच्या टोप्या बसवून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलंय: मागचा डावा. मे महिन्यात बघणे.